भाऊंच्या दहाव्याला माईक होता

आमच्या यांना सगळा मावळ भाऊ म्हणायचा. म्हातारे, शाळकरी पोरं, तहसीलदार, विरोधी पक्षाची माणसं, सगळेच. नवऱ्याला भाऊ म्हणणं मला काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी शेवटपर्यंत ‘अहो’वर भागवलं. इथंही मी ‘हे’ असंच लिहिणार आहे. लग्नापासूनची सवय आहे, या वयात ती मोडायची नाही.

हे सरपंच झाले, मग पंचायत समितीत गेले, मग जिल्हा परिषदेत, मग आमदार, मधे एकदा सपाटून पडले, पुन्हा आमदार आणि शेवटी मंत्री. हे सगळं कसं झालं यावर लोक तासन्‌तास बोलतात. कुणी म्हणतं, डोंगरावरच्या वाड्यांना पाणी नेलं म्हणून. कुणी म्हणतं, कारखान्यांत पोरं चिकटवली म्हणून. मी त्यांच्या घरात राहिले आहे. मला विचाराल तर हे दहाव्यांवर निवडून आले.

आमच्याकडं माणूस गेलं की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर सगळा गोतावळा जमतो. आधी प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि मग पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसतात. कावळा अडला तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात आणि घरची माणसं पिंडापुढं हात जोडून एकेक शब्द देत जातात. लग्नाला पुढारी आला नाही तर लोक विसरतात. दहाव्याला आला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. यांनी हे फार लवकर ओळखलं. मंत्री झाल्यावरसुद्धा मुंबईहून पहाटे निघून हे इंद्रायणीच्या घाटावर वेळेत हजर असायचे. सकाळी वर्तमानपत्र हातात आलं की निधनवार्तांचं पान आधी, बाकीचं जग नंतर. पायांत नेहमी सरकवायच्या चपला, कारण घाटावर वाकून बंद सोडत बसलं तर मागची माणसं खोळंबतात. मी चिडून म्हणायचे, “जिवंत माणसांनाही कधीतरी भेटत जा.” त्यात मीही आलेच, हे त्यांना बरोबर कळायचं. हसायचे आणि गाडीत जाऊन बसायचे.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. मंत्र्याची बायको लोकलनं शाळेला जाते याचं लोकांना भारी कौतुक. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नव्हतं. वर्ग माझा होता, नकाशे माझे होते आणि त्या चार भिंतींत मला कुणी वहिनीसाहेब म्हणत नव्हतं. घरी मात्र उजाडल्यापासून ओसरीवर माणसं, चहाचं पातेलं चुलीवरून कधी उतरायचंच नाही. आमची एकुलती मुलगी त्या गर्दीतच मोठी झाली. अभ्यास करायला ती माळ्यावर जाऊन बसायची.

घर खऱ्या अर्थानं चालवायचे ते माझे धाकटे दीर. शेती, गुरं, कार्यकर्ते, पै-पाहुणे, सगळं त्यांच्या गळ्यात. जिथं हे पोचू शकत नाहीत तिथं भाऊजी जायचे. दोघांचा आवाज इतका सारखा की फोनवर भाऊजींनी नुसतं “बोला” म्हटलं तरी पलीकडचा माणूस उभा राहायचा म्हणे.

एकदा मी यांना सहज विचारलं, “एवढे दहावे केलेत तुम्ही. कावळा नक्की कशानं शिवतो हो?”

हे जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, “माईक बंद झाला की.”

मला हसू आलं. पण हे गंभीर होते. “खरंच सांगतो. त्याला इच्छाबिच्छा काय कळत न्हाई. मान्सं गप झाली, जरा मागं सरली, की येतंय बिचारं. पर आपल्या लोकांना गप बसवत न्हाई, म्हून येळ लागतो.” मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, “आन हे भायेर बोलू नको.”

बाहेर हेच सगळ्यांच्या पुढं असायचे. कुणाच्या आजोबांचा कावळा अडला की माईक हातात घेऊन म्हणायचे, “आबा, नातवाच्या नोकरीचं माझ्याकडं लागलं. तुम्ही निर्धास्त जा.” त्यानंतर कावळा आला की दोनचारशे माणसं डोळे पुसायची. पण एक सांगते, तिथं दिलेला शब्द यांनी कधी खाली पडू दिला नाही. त्या नातवाला महिन्याभरात तळेगावच्या कुठल्या तरी कंपनीचा गेटपास मिळालेला असायचा. त्यांच्याबद्दल तक्रार करायला बसले की मी इथं येऊन अडायचे.

भाज्यात, लेण्यांच्या डोंगराकडं तोंड करून, आमचा एक लहानसा तुकडा होता. तिथं मी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. पुढं ओटा, मागं पावट्याचा वेल, कडेला अबोली. माझी निवृत्ती आणि यांच्या आमदारकीची मुदत साधारण एकाच सुमारास संपणार होती. पुढची निवडणूक लढवायची नाही आणि दोघांनी इथं येऊन राहायचं, असं आमचं ठरलं होतं. निदान मी तसं धरून चालले होते. साऱ्या आयुष्यात मला एवढंच हवं होतं असं म्हटलं तर खोटं होईल. पण त्या वयात मला एवढंच हवं होतं, आणि फार हवं होतं.

पावट्याच्या दिवसांतला एक रविवार आठवतो. त्या दिवशी यांनी पोलिसांना मळवली स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं आणि एकटे चालत घरी आले. मी ओट्यावर शेंगा सोलत होते. हे शेजारी बसले. खाली रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती, धबधबा नाही, पाऊस नाही, तरी लोक कशाला येतात कोण जाणे.

हे एकदम म्हणाले, “माझ्यामागं ह्यात तू पडू नको. आन पोरीलाबी पडू देऊ नको.”

“आज हे मधेच काय?”

“ह्या घरातनं मी एकटा गेलो तेवढं पुरे झालं. तुमी दोघी तुमचं बघा.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘तुमचं बघा’ असं मी पहिल्यांदा ऐकलं. मला भरून आलं. तरी शिक्षिकेचा स्वभाव, खातरजमा केल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, “मनापासून सांगताय?”

हे रस्त्याकडं बघत राहिले. “तर!” असं म्हणाले, पण जरा उशिरानं. मला वाटलं, दमलेत. उत्तर मिळालं होतं, ते यायला किती वेळ लागला हे कोण बघतं?

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, हे गेले. खंडाळ्याहून एक लग्न करून आम्ही परत येत होतो. लोणावळ्यात शिरताना यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “जरा जड वाटतंय.” सुट्टीचा रविवार होता. पुढं गाड्या, मागं गाड्या, बाजूला चिक्कीच्या दुकानांपुढं तिरक्या लावलेल्या गाड्या. आमच्या पुढची पोलिसांची गाडी भोंगा वाजवत होती, पण सरकायला जागाच नव्हती तर लोक सरकणार कुठं? हवालदार खाली उतरून बोनेटवर थापा मारत होते. एका गाडीच्या काचेतून एक बाई आमचा व्हिडिओ काढत होती. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि काचेतून दिसणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. ज्यांच्या एका फोनवर तालुका हलायचा ते माझ्या मांडीवर होते आणि आमची गाडी हलत नव्हती. दवाखाना समोरच्या वळणावर होता. तिथं पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं येत होती, जात होती, मी भिंतीला टेकून बसलेली असायचे. त्यातच कानावर पडलं की पोटनिवडणूक लागणार. कुणाला उभं करायचं, याची कुजबुज घरात, माझ्या पाठीमागच्याच खोलीत चाललेली असायची. भाऊजींना उभं राहायचं होतं. आणि त्यांनी का राहू नये? अर्धं काम तर आयुष्यभर त्यांनीच ओढलं होतं. मी मुलीला म्हणाले, “काकाच उभा राहील, बरं होईल.” मनात मी भाज्याच्या घराला चुना कधी मारायचा याचा विचारही करून ठेवला होता. आता एकटीनंच राहायचं, पण तिथंच राहायचं.

दहाव्याला उर्से टोलनाक्यापासून फ्लेक्स लागले. घाटावर भला मोठा मांडव, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, चार बाजूंना चार कर्णे. एवढी गर्दी की कान्ह्याच्या फाटकात अडकलेली माणसं गाड्या सोडून चालत आली. आम्हाला मुलगा नाही, म्हणून विधी भाऊजी करत होते. मुंडण केलेलं, ओला पंचा नेसलेला, थंडीनं काकडत होते. पत्रावळीवर पिंड ठेवला. बाजूला यांच्या आवडीची मेथीची भाजी, भाकरी, कपात चहा. कुणीतरी त्या दिवशीचं वर्तमानपत्रही आणून ठेवलं. ते बघून मला रडू फुटलं, त्याआधी मी कोरडीच होते.

कावळे होते. पलीकडच्या करंजाच्या झाडांवर बरेच बसलेले मी पाहिले होते. आणि तेवढ्यात पक्षाच्या मोठ्या साहेबांचं हेलिकॉप्टर आलं. कापणी झालेल्या भातखाचरात त्याच्यासाठी जागा केली होती. ते घाटावरून एक गिरकी घेऊन उतरलं आणि झाडांवरचा एकूण एक कावळा उडून गेला.

मग भाषणं सुरू झाली. प्रवचनकार महाराज, सभापती, माजी सभापती, चेअरमन, आजी आणि माजी. भाषणं संपली तरी कावळ्याचा पत्ता नव्हता. लोक पिंडापुढं येऊन शब्द द्यायला लागले आणि मांडववाल्यानं प्रत्येकाच्या तोंडापुढं माईक धरला. एक म्हणाला, “भाऊ, पुलाचं काम आमी तडीला नेऊ.” दुसरा म्हणाला, “भाऊ, दूध संघाची निवडणूक बिनविरोध करू.” ज्यानं यांना एकदा पाडलं होतं तो गृहस्थ पुढं आला आणि हुंदका देऊन म्हणाला, “भाऊ, आपलं भांडण मिटलं.” आयुष्यभर यांनी जे दुसऱ्यांच्या आजोबांना केलं ते आज सगळा तालुका यांना करत होता. मला वाटलं, हे कुठूनतरी बघत असतील तर कपाळाला हात लावून बसले असतील.

त्या गोंगाटात मीही पुढं गेले. माझ्यापुढं माईक आला तो मी हातानं बाजूला सारला. पिंडाजवळ वाकून हळूच म्हणाले, “अहो, भाज्याच्या ओट्यावर तुम्ही सांगितलंत ते माझ्या लक्षात आहे. मी ह्यात पडणार नाही. पोरीलाही पडू देणार नाही. आता या.”

काही आलं नाही. कर्णा खरखरत होता.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्रात सोय आहे. मोठे साहेब म्हणाले, थांबा. त्यांना पुढं कुठंतरी उद्घाटनाला जायचं होतं, त्यांचा सचिव सारखा घड्याळ बघत होता. साहेब उठले, भाऊजींच्या कानाशी लागले. काहीतरी बोलले. मी लांबून भाऊजींचा चेहरा बघत होते. तो आधी पडला, मग दगडासारखा झाला. ते ओल्या पंचानिशी उठले, माईक हातात घेतला आणि यांच्याच आवाजात म्हणाले, “भाऊ, तुजी गादी मोकळी ऱ्हायची न्हाई. वैनी उभ्या ऱ्हातील.”

मी “नाही” म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. पण सगळा मांडव एकदम हुंकारला त्यात ते बुडून गेलं. मुलीनं माझा दंड घट्ट धरला, तेवढंच कळलं. लगेच सूत्रसंचालकानं पुकारलं, सर्वांनी जागेवर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे. माईक घरघरत होता म्हणून मांडववाल्यानं तो बंद केला.

सगळे उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदा नदीचं पाणी ऐकू आलं.

आणि कावळा आला. आधी मांडवाच्या बांबूवर बसला. मग खाली उतरला, इकडं तिकडं बघितलं, भाकरीचा तुकडा उचलला, पिंडाला चोच लावली आणि उडून गेला.

तो कशानं आला हे त्या हजारो माणसांत मला एकटीला माहीत होतं. जेवताना, घास न थांबवता, खुद्द यांनीच मला सांगितलं होतं. पण कुणाला सांगणार? “भाऊ अमर रहे”च्या घोषणा सुरू झाल्या होत्या. बाया रडत होत्या. वडिवळ्याकडची एक म्हातारी माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, “बाई, भाऊंनी सोता सांगितलं गं. आता न्हाई म्हनू नगंस.” तिला मी काय म्हणू? की मावशी, तो कावळा भुकेला होता आणि माईक बंद झाला होता?

मांडवाच्या मागं मी मोठ्या साहेबांना गाठलं. मी म्हणाले, “मला हे करायचं नाही. यांनाही नको होतं.”

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठी माणसं फार शांतपणे ऐकतात. मग म्हणाले, “वहिनी, मी आग्रह केला असता तर तुम्ही मला नाही म्हणू शकला असता. आता मी कोण? सांगणाऱ्यानं सांगितलं.” आणि खाचरातून धोतराचा सोगा सावरत हेलिकॉप्टरकडं गेले.

संध्याकाळी भाऊजी ओसरीच्या पायरीवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते. मी त्यांना ओट्यावरचं सगळं सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला.

त्यांनी टॉवेलच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाले, “वैनी, मला काय हौस होती का? मला सायब म्हनले, लोकांची मया वैनीला मिळंल, तुला न्हाई. मी गिळलं.”

“मग मी सांगते ते तरी ऐका. यांना नको होतं.”

“ते जित्तेपनी बोलले. हे मेल्यावर बोलले.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आता तुमीच सांगा, कंचं खरं धरायचं? मेलेलं मानूस खोटं बोलत न्हाई.”

ते ढोंग करत नव्हते, हीच पंचाईत होती. ढोंग्याशी भांडता येतं. ज्या माणसानं स्वतःची इच्छा सकाळी नदीत सोडली आणि वर जो माझ्यापुढं रडत बसलाय, त्याच्याशी कसं भांडायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या प्रश्नानं माझ्याही पायाखालची जमीन हलली. मी पिंडाजवळ वाकून शब्द दिला तेव्हा हे आले नाहीत. भाऊजींनी गादीचं नाव काढलं तेव्हा आले. माईकचं कारण मला ठाऊक होतं, तरीही मनात एक कोपरा म्हणत होता, तुझा नवरा पुढारी होता बाई. तुला एक सांगितलं असेल आणि लोकांना एक. त्यांचा मला इतका राग आला की गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या फोटोकडं पाठ करून झोपले.

प्रचारात मला फारसं बोलावंच लागलं नाही. कुणीतरी मोबाईलवर त्या कावळ्याचा फोटो काढला होता, तो घराघरांत पोचला. फ्लेक्सवर एका बाजूला हे, एका बाजूला मी, आणि मधे पिंडावर वाकलेला कावळा, खाली ‘भाऊंची अंतिम इच्छा’. मी म्हणाले, निदान कावळा तरी काढा. कार्यकर्ते “व्हय व्हय, वैनीसायेब” म्हणाले आणि पुढच्या गावात त्याहून मोठा लावला. स्टेजवर प्रत्येक वक्ता ती गोष्ट सांगायचा आणि मी हात जोडून खाली मान घालून बसायचे. लोकांना ते दुःख वाटायचं.

मी भरघोस निवडून आले. शाळेच्या मुख्याध्यापिका हार घेऊन आल्या आणि मला ‘मॅडम’ म्हणाल्या, ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं एका डब्यातली भाजी खाल्ली होती.

भाज्याचं घर तोवर माझ्या हातात होतं. मग एकदा मुंबईहून अधिवेशन संपवून सरळ तिकडं गेले, तर दारावर बोर्ड लागलेला, ‘जनसंपर्क कार्यालय’. आत टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर यांचा हार घातलेला मोठा फोटो. मागचा वेल उपटून तिथं लोकांच्या गाड्या लावायला सिमेंट केलं होतं. भाऊजी कौतुकानं दाखवत होते. पवन मावळातल्या लोकांना मोठ्या घरापर्यंत येणं लांब पडतं, त्यांची सोय झाली, म्हणाले. आणि सोय खरंच झाली होती. बाहेर बाकावर लोक बसलेले दिसत होते. अबोलीची दोन रोपं कडेला वाचली होती, त्यांना मी पाणी घातलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. पहिला माणूस आत आला.

त्याला आता काही वर्षं झाली. पुढच्या निवडणुकीलाही मीच उभी राहिले, त्या वेळी कुणी मला विचारलंसुद्धा नाही. मग राज्यमंत्रिपद आलं. आता वर्तमानपत्रात मीही निधनवार्ता आधी बघते. माझ्याही चपलांना बंद नाहीत. सकाळी घाटावर जाते, पहिल्या रांगेत बसते. कावळा अडला की घरची माणसं आधी नदीकडं बघतात आणि मग माझ्याकडं. कुणाची मुलगी नर्सिंगला लावायची असते, कुणाच्या वस्तीचा रस्ता राहिलेला असतो. माईक पुढं येतो. मी म्हणते, “मावशी, रस्त्याचं माझ्याकडं लागलं.” मग डोळ्यांनीच मांडववाल्याला खुणावते, तो बटण बंद करतो, आणि थोड्या वेळानं कावळा येतो. माझा कावळा अडत नाही, अशी माझी तालुक्यात ख्याती आहे. दिलेला शब्द मीही पाडत नाही. पाडला तर त्या सगळ्याला काय अर्थ राहिला?

मुलगी पुण्यात नोकरी करते, राजकारणातलं तिला काही रुचत नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्या वाढदिवसाला ती आली, आणि येताना कान्हे फाट्यावर तिला स्वतःचाच फ्लेक्स दिसला. यांचा फोटो, माझा फोटो, आणि खाली सगळ्यांत मोठा तिचा. ‘ताईसाहेब, मावळ आपली वाट पाहतोय.’ फोटो तिच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता, भाऊजींनी माळ्यावरून शोधून काढला असणार. गाडीतून उतरेपर्यंत ती हसत होती. म्हणाली, “आई, निदान फोटो तरी बरा द्यायचा.” मला हसू आलं नाही.

रविवार होता, कार्यालय बंद होतं, म्हणून आम्ही दोघी भाज्याला गेलो. बाजारातून पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या. ओट्यावर बसलो. खाली गाड्यांची रांग तशीच होती. ती सोलत होती, मी नुसतीच बसले होते, हल्ली हातात फोन नसला की मला हातांचं काय करावं ते कळत नाही. त्या फ्लेक्सनं माझं डोकं तडकलं होतं. भाऊजींना फोन करून तो उतरवायला सांगितला होता आणि ते “तुमी म्हनाल तसं, वैनी” म्हणाले होते. त्या वाक्याचा अर्थ मला आता पाठ आहे. मी उद्या गेले तर घाटावर माईक लागणार, कावळा अडणार, आणि ओल्या पंचातलं कुणीतरी उठून हिचं नाव घेणार. मी काहीही लिहून ठेवलं, कितीही जणांना सांगितलं, तरी तो मांडव मला थांबवता येणार नाही. निदान हिच्या कानावर तरी घालावं, म्हणून मी म्हणाले, “माझ्यामागं तू ह्यात पडू नकोस.”

तिनं मान वर केली. “मनापासून सांगतेस?”

सोपा प्रश्न होता. ‘हो’ म्हणायचं होतं, आणि मला हो म्हणायचं होतं. पण रस्त्याकडं नजर गेली आणि डोळ्यांपुढं त्या बाकावरची माणसं आली, जी सोमवारी येणार होती. रस्त्याचं काम मंजुरीला अडकलेली वस्ती आली. मी नसले तर वडिवळ्याच्या त्या म्हातारीला आत कोण घेईल? भाऊजींना कोण विचारील? आणि याच्याही खाली एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते पण सांगते. मी आत गेल्यावर उभं राहणारं दालन मला आवडायला लागलं होतं. हिच्यापुढंही कुणीतरी तसं उभं राहावं, असं क्षणभर मला वाटून गेलं. माझ्या पोटच्या पोरीसाठी, जिला मी वाचवायला निघाले होते.

यांना त्या रविवारी का उशीर लागला ते तेव्हा मला कळलं. ते खोटं बोलले नव्हते. खरंही बोलले नव्हते. तिथंच, याच ओट्यावर, माझ्यासारखेच अडकून बसले होते, आणि मी त्यांच्यावर इतकी वर्षं रागावले होते.

“तर!” मी म्हणाले.

पण तोवर तिच्या दोनचार शेंगा सोलून झाल्या होत्या, आणि तिनं पुन्हा वर बघितलं नाही.